गोड्या पाण्यातील म्हातारी जहाजे

बैलाचे वय दातांवरून पाहतात, झाडाचे वय खोडातील कड्यांवरून मोजतात. जहाजाचे वय कशावरून ठरवावे? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. समुद्रावर माल वाहणारे पोलादी जहाज साधारणपणे पंचवीस-तीस वर्षांत निकामी समजले जाते. मग गुजरातेतील अलंगसारख्या किनाऱ्यावर ते भरतीच्या पाण्याबरोबर चढविले जाते आणि काही महिन्यांत त्याचे भंगार होते. परंतु उत्तर अमेरिकेतील पाच महासरोवरांत १९०६ साली बांधलेले एक मालवाहू जहाज २०१३ पर्यंत स्वतःच्या यंत्रावर चालत होते. म्हणजे त्याने वयाची शंभरी पार केली होती! त्या काळात त्याला सहा नावे मिळाली आणि मालक तर अनेक झाले.

ही जहाजे इतकी जगतात कशी, असे विचारले की 'गोड्या पाण्यात लोखंड गंजत नाही' असे उत्तर सर्वसाधारणपणे दिले जाते. उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. पाणी जहाजाला जगू देते. पण ते जगवायचे की मोडायचे, हे ठरते मालकाच्या हिशेबाच्या वहीत आणि देशाच्या कायद्यात. हे दुसरे अर्धे उत्तर उलगडून पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पाच सरोवरे, एक जलमार्ग

सुपीरियर, मिशिगन, ह्यूरन, ईरी आणि ओंटारियो ही ती पाच सरोवरे. त्यांना तळी म्हणण्यापेक्षा गोड्या पाण्याचे समुद्र म्हणणेच योग्य. एकट्या सुपीरियरचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यासारखे सहा जिल्हे त्यात सहज मावतील. मिशिगन सरोवर संपूर्णपणे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आहे, तर उरलेल्या चारांमधून अमेरिका आणि कॅनडा यांची सरहद्द जाते.

ही सरोवरे एका पातळीवर नाहीत. सुपीरियरचे पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे १८३ मीटर उंचीवर, तर ओंटारियोचे सुमारे ७५ मीटरवर आहे. सुपीरियर आणि ह्यूरन यांच्यामधील सेंट मेरीज नदीत पाणी सुमारे २१ फूट खाली उतरते. तेथे १८५५ मध्ये पहिले 'लॉक' बांधले गेले. लॉक म्हणजे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेला पाण्याचा मोठा हौद. जहाज आत घ्यावयाचे, दरवाजे लावावयाचे, पाणी कमी-जास्त करावयाचे आणि जहाज दुसऱ्या पातळीवर आले की बाहेर सोडावयाचे. ईरी आणि ओंटारियो यांच्यामध्ये तर प्रत्यक्ष नायगाराचा धबधबा आहे. त्याला वळसा घालणारा वेलंड कालवा आठ लॉकांच्या साहाय्याने जहाजांना सुमारे १०० मीटर चढवितो वा उतरवितो. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि अटलांटिक महासागरातून थेट सुपीरियरच्या टोकाला असलेल्या डुलुथ बंदरापर्यंत मोठी जहाजे जाऊ लागली.

या मार्गावरील मुख्य माल म्हणजे लोहखनिज. मिनेसोटा संस्थानातील मेसाबी टेकड्यांमधून ते निघते, डुलुथ, टू हार्बर्स यांसारख्या बंदरांत जहाजात भरले जाते आणि खालच्या सरोवरांच्या काठी असलेल्या पोलाद कारखान्यांकडे जाते. त्याखेरीज चुनखडी, कोळसा, सिमेंट, मीठ आणि धान्य यांचीही वाहतूक होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या सरोवरांतील जहाजाचा आकार लॉकाच्या मापाने ठरतो. वेलंड कालव्यातून ७४० फुटांपेक्षा लांब जहाज जाऊ शकत नाही. सेंट मेरीज नदीवरील 'पो' लॉक १९६९ मध्ये खुले झाले, ते मात्र १,२०० फूट लांब आणि ११० फूट रुंद आहे. त्यानंतर १९७२ ते १९८१ या काळात सुमारे हजार फूट लांबीची तेरा जहाजे बांधली गेली. वरच्या चार सरोवरांत ती राजासारखी फिरतात, पण वेलंडमधून खाली उतरू शकत नाहीत. समुद्र त्यांच्यासाठी कायमचा बंद आहे. जेथे जन्म, तेथेच मरण, असे त्यांचे भाग्य.

मीठ आणि गंज

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू लागतात, हे आपण शाळेत शिकलो. मग गोड्या पाण्यात जहाज गंजत नाही काय? गंजते, पण फार सावकाश. गंजणे ही मूलतः एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे. पोलादाच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी लोखंड झिजते आणि शेजारच्या ठिकाणी प्राणवायूचा क्षय होतो. या दोन ठिकाणांमध्ये सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहत असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते विजेचे चांगले वाहक बनते आणि ही क्रिया वेगाने चालते. शिवाय मिठातील क्लोराइड पोलादावर जमणारा संरक्षक थर फोडून आत शिरते. सरोवरांच्या पाण्यात हे क्षार अत्यल्प असतात, म्हणून पत्रा वर्षानुवर्षे शाबूत राहतो.

याला दुसरी जोड मिळते ती हिवाळ्याची. थंडीत सरोवरे गोठू लागतात. सेंट मेरीज नदीवरील लॉक १५ जानेवारी ते २५ मार्च या काळात बंद असतात. समुद्रावरील जहाज बारा महिने राबते. सरोवरातील जहाज मात्र दरवर्षी सुमारे दहा आठवडे बंदरात स्वस्थ उभे असते. त्या काळात यंत्रे उघडून पाहता येतात, झिजलेले पत्रे बदलता येतात. अमेरिकेच्या नियमांनुसार खाऱ्या पाण्यातील जहाज पाच वर्षांत साधारणतः दोनदा सुक्या गोदीत घेऊन त्याचे बूड तपासावे लागते. केवळ गोड्या पाण्यात राहणाऱ्या जहाजाला ही तपासणी पाच वर्षांतून एकदा पुरते. देखभालीचा तेवढाच खर्च वाचतो.

एवढ्यावरून वाटेल की सरोवरातील सर्वच जहाजे दीर्घायुषी असली पाहिजेत. परंतु तसे नाही. पाणी एक, बांधणी एक, तरीही आयुष्य वेगळे, असे का घडते हे पाहण्यासाठी दोन जहाजांची कहाणी सांगण्यासारखी आहे.

दोन जुळी भावंडे

१९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, मेरीलँड संस्थानातील स्पॅरोज पॉइंट येथील बेथलेहेम कंपनीच्या गोदीत एकाच नमुन्याची काही तेलवाहू जहाजे बांधली गेली. त्यांपैकी दोन अमेरिकन नौदलात दाखल झाली. एकाचे नाव 'चिवावा', दुसऱ्याचे 'नेशॅनिक'. चिवावाने अटलांटिकमधील ताफ्यांबरोबर तेल पोहोचविले. नेशॅनिक पॅसिफिकमध्ये गेले आणि जून १९४४ मध्ये सायपान बेटाजवळ त्यावर जपानी विमानाचा बॉम्ब पडला. तरीही ते बुडाले नाही. युद्ध संपल्यावर दोन्ही जहाजे तेल कंपन्यांकडे गेली. नेशॅनिकचे नाव 'गल्फऑइल' झाले. १९५८ मध्ये न्यूपोर्टजवळ दुसऱ्या तेलवाहू जहाजाशी त्याची टक्कर होऊन भीषण आग लागली. माणसे गेली, जहाजाचा पुढचा भाग जळून गेला. मागचा भाग आणि यंत्रे मात्र वाचली.

१९६१ मध्ये ही दोन्ही भावंडे सरोवरांत आली. युद्धकाळात बांधलेली जहाजे स्वस्तात मिळत होती. त्यांना खनिज वाहण्याजोगा नवा मधला भाग जोडला की निम्म्या खर्चात नवे जहाज तयार होई. चिवावा क्लीव्हलंड-क्लिफ्स या खाण कंपनीकडे जाऊन 'वॉल्टर ए. स्टर्लिंग' बनले. गल्फऑइल आधी 'पायोनियर चॅलेंजर' आणि १९६२ मध्ये ओगलबे नॉर्टन कंपनीच्या ताफ्यात 'मिडलटाउन' बनले.

येथून दोघांच्या वाटा हळूहळू वेगळ्या होतात. 'स्टर्लिंग'ला १९७६ मध्ये मधोमध कापून ९६ फुटांचा नवा तुकडा बसविण्यात आला. त्याची लांबी ८२६ फूट झाली. १९७८ मध्ये त्याला स्वतःच माल उतरविण्याची यंत्रणा मिळाली. ही यंत्रणा म्हणजे सरोवरांतील जहाजांची संजीवनीच होय. खणांच्या तळाशी झडपा असतात, त्यांतून खनिज खाली फिरत्या पट्ट्यावर पडते, पट्टा ते वर उचलतो आणि डेकवरील लांब हातासारख्या भुजेवरून ते किनाऱ्यावर ओतले जाते. धक्क्यावर क्रेन नको, हमालही नकोत. ज्या जुन्या जहाजांना ही यंत्रणा बसली ती बहुधा टिकली. ज्यांना बसली नाही त्यांपैकी बहुतेक भंगारात गेली. 'मिडलटाउन'लाही ती १९८२ मध्ये बसली, पण त्याची लांबी मात्र वाढविली गेली नाही. ती ७३० फूटच राहिली.

१९८० नंतर अमेरिकन पोलाद धंद्यावर मंदीची कुऱ्हाड कोसळली. क्लीव्हलंड-क्लिफ्सने जहाजांचा धंदा सोडला. 'स्टर्लिंग' १९८५ मध्ये फोर्ड मोटार कंपनीच्या रूज स्टीलकडे जाऊन 'विल्यम क्ले फोर्ड' झाले. चारच वर्षांनी, १९८९ मध्ये, रूज स्टीलनेही जहाजे विकली. आता ते इंटरलेक स्टीमशिप कंपनीच्या बाजूला आले आणि 'ली ए. ट्रेगर्था' या नावाने ओळखले जाऊ लागले. जहाजे चालविणे हाच इंटरलेकचा धंदा असल्यामुळे तिने पुढच्या वीस-तीस वर्षांचा विचार केला. २००६ मध्ये त्याचे जुने बाष्पयंत्र काढून डिझेल यंत्र बसविले. ज्या जहाजाने हिटलरच्या पाणबुड्यांच्या वाटेवरून तेल वाहिले, ते अशा रीतीने एकविसाव्या शतकातही खनिज वाहू लागले.

आणि 'मिडलटाउन'? त्याची मालक कंपनी ओगलबे नॉर्टन हिने २००४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २००६ मध्ये तिची सहा जहाजे अमेरिकन स्टीमशिप कंपनीने विकत घेतली. 'मिडलटाउन'ला आता 'अमेरिकन व्हिक्टरी' असे भारदस्त नाव मिळाले. पण नव्या मालकाकडे आधीच मोठी जहाजे होती. २००८ च्या जागतिक मंदीत माल कमी झाला, आणि ताफ्यातले जुने, लहान, भरपूर इंधन खाणारे बाष्पजहाज सर्वांत आधी बाजूला काढले गेले. ते सुपीरियर बंदरात बांधले गेले ते पुन्हा कधी निघालेच नाही. दहा वर्षे तसेच उभे राहून २०१८ मध्ये ते तुर्कस्तानातील अलियागा येथे भंगारात गेले.

दोन्हीचे जन्मवर्ष एक, गोदी एक, सरोवरांतील वास्तव्यही सारखेच. गंजानेच न्याय दिला असता तर दोघांचे आयुष्य सारखे व्हावयास हवे होते. न्याय दिला तो मालकाने. एकावर वेळोवेळी पैसा घातला गेला, दुसऱ्यावर घालणे कोणाला परवडले नाही.

मालकांच्या तीन पिढ्या

सरोवरांतील ताफ्यांच्या मालकीचा इतिहास पाहिला तर त्यात स्थूलमानाने तीन पिढ्या दिसतात.

पहिली पिढी कारखानदारांची. १९०१ मध्ये यू. एस. स्टील ही अजस्र कंपनी स्थापन झाली, तेव्हा तिच्या पिट्सबर्ग स्टीमशिप कंपनीच्या ताफ्यात शंभराहून अधिक जहाजे होती. बेथलेहेम, इनलँड, फोर्ड यांच्याही आपापल्या जहाजांचे ताफे होते. खाण आपली, जहाज आपले, भट्टी आपली. अशा मालकाला जहाजातून वेगळा नफा काढावयाचा नसे. भट्टी विझू नये एवढेच त्याला हवे असे. जहाजांना संचालकांची नावे देत. नाळेवरील नाव म्हणजे एका परीने कंपनीच्या वंशावळीचे पानच असे.

दुसरी पिढी व्यावसायिक वाहतूकदारांची. पोलाद कंपन्या कर्जात बुडू लागल्या तेव्हा जे विकता येईल ते त्यांनी विकले आणि त्यांत जहाजेही गेली. ती घेतली इंटरलेक, अमेरिकन स्टीमशिप यांसारख्या वाहतूक कंपन्यांनी.

तिसरी पिढी पैशाच्या व्यापाऱ्यांची. या पिढीचे पाऊल तसे बरेच आधी पडले होते. १९५८ मध्ये पाण्यात उतरलेले प्रसिद्ध 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे जहाज कोणा पोलाद कंपनीचे नव्हते. ते मिलवॉकी येथील नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या आयुर्विमा कंपनीचे होते. कंपनीने गुंतवणूक म्हणून ते बांधून घेतले, आपल्या अध्यक्षाचे नाव त्याला दिले आणि ओगलबे नॉर्टनला ते भाड्याने दिले. पुढे हा प्रकार वाढत गेला. १९०७ मध्ये बफेलो शहरी स्थापन झालेली अमेरिकन स्टीमशिप १९७३ मध्ये रेल्वेच्या वाघिणी भाड्याने देणाऱ्या गॅटएक्स कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये अमेरिकन इंडस्ट्रियल पार्टनर्स या गुंतवणूक संस्थेकडे. याच संस्थेने २०१८ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर पडणारी रँड लॉजिस्टिक्स ही दुसरी सरोवर-वाहतूक कंपनी घेतली होती. यू. एस. स्टीलच्या रेल्वे आणि जहाजांचा बहुतांश हिस्सा १९८८ मध्ये ब्लॅकस्टोन या वित्तसंस्थेने घेतला. २००४ मध्ये ही जहाजे कॅनेडियन नॅशनल रेल्वेच्या पदरात पडली.

गुंतवणूक संस्था वाईट आणि कारखानदार चांगला, असा सरळ निवाडा येथे करता येत नाही. पैसा नसलेल्या पोलाद कंपनीपेक्षा पैसा असलेली वित्तसंस्था जहाजाची निगा कधी कधी बरी राखते. फरक आहे तो काळाच्या मापात. वित्तसंस्था एखादी कंपनी बहुधा काही वर्षांनी विकण्यासाठीच घेते. जहाजाचे नवे यंत्र मात्र वीस-तीस वर्षांच्या हिशेबाने बसवावे लागते. ही दोन मापे जुळली तर जहाज वाचते, न जुळली तर ते बंदरात उभे राहते.

कायद्याचा हात

अमेरिकेत इतकी जुनी जहाजे का टिकली, याचे आणखी एक कारण १९२० च्या एका कायद्यात आहे. तो 'जोन्स कायदा' म्हणून ओळखला जातो. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यावयाचा असेल तर जहाज अमेरिकेत बांधलेले, अमेरिकन मालकीचे आणि मुख्यतः अमेरिकन खलाशांचे असले पाहिजे, असे तो सांगतो. अमेरिकन गोदीत नवे जहाज बांधणे अतिशय महाग पडते. बाहेरून स्वस्त जहाज आणता येत नाही. तेव्हा असलेलेच दुरुस्त करून वापरणे मालकाला परवडते. घर बांधणे झेपत नसेल तर आपण जुन्या वाड्याचीच कौले फेरतो, तसाच हा प्रकार.

या कायद्यामुळे मालकीच्या बदलातही गमतीदार पेच निर्माण झाले. १९९८ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या इस्पात समूहाने शिकागोजवळची इनलँड स्टील कंपनी विकत घेतली. भट्ट्या परकीय मालकाला चालत होत्या, जहाजे चालत नव्हती! त्यामुळे इनलँडची जहाजे अमेरिकन मालकाकडे वेगळी काढून द्यावी लागली. त्यांत १९४९ मध्ये बांधलेले 'विल्फ्रेड साइक्स' हेही होते. नंतर मालक बदलला तरी ते त्याच कारखान्यांसाठी खनिज आणि चुनखडी वाहत राहिले. कॅनेडियन नॅशनलच्या बाबतीतही हाच पेच पडला आणि जहाजे चालविण्याचे काम एका अमेरिकन कंपनीकडे सोपवावे लागले.

आता पलीकडच्या तीरावर पाहू. कॅनडाची जहाजे त्याच पाण्यात, त्याच लॉकांमधून चालतात. परदेशात बांधलेल्या जहाजांवर कॅनडात २५ टक्के आयातकर होता. २०१० मध्ये मोठ्या मालवाहू जहाजांवरील हा कर रद्द झाला. परिणाम लगेच दिसला. कॅनडा स्टीमशिप लाइन्सचे 'बे सेंट पॉल' २०१२ मध्ये आणि अल्गोमा सेंट्रल कंपनीचे 'अल्गोमा इक्विनॉक्स' २०१३ मध्ये चीनमधील गोद्यांत तयार होऊन महासागर ओलांडून सरोवरांत आले. त्यांच्यामागून आणखीही आले, आणि जुनी कॅनेडियन जहाजे एकामागून एक भंगारात निघाली. अमेरिकेच्या बाजूला मात्र सरोवरांच्याच काठी बांधलेले नवे मालवाहू जहाज १९८३ नंतर थेट २०२२ मध्ये सेवेत आले. ते म्हणजे इंटरलेकचे 'मार्क डब्ल्यू. बार्कर'. सरोवर एकच, एका तीरावर चिनी बनावटीची नवी जहाजे आणि दुसऱ्या तीरावर आजोबा जहाजे! जहाजाचे वय पाणी ठरवीत नाही, याला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

न गंजणारे वार्धक्य

येथवर वाचून जुन्या जहाजांविषयी कौतुक वाटणे साहजिक आहे. पण या कौतुकाला दुसरी, दुःखाची बाजू आहे.

पोलाद गंजले नाही म्हणजे ते म्हातारे झाले नाही, असे नव्हे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे पोलाद आजच्यासारखे नव्हते. कडक थंडीत ते काचेसारखे ठिसूळ होई. १९०६ मध्ये बांधलेले 'डॅनिअल जे. मॉरेल' हे बेथलेहेम कंपनीचे जहाज २९ नोव्हेंबर १९६६ रोजी ह्यूरन सरोवरातील वादळात मधोमध मोडले. २९ जणांपैकी २८ मृत्युमुखी पडले. एकच खलाशी तराफ्यावर दीड दिवसाहून अधिक काळ गारठत राहून वाचला. जहाजाला चालण्याचा रीतसर परवाना होता. त्याच वादळात असलेल्या 'एडवर्ड वाय. टाउनसेंड' या त्याच्या भावंडाच्या डेकला तडा गेल्याचे आढळले आणि ते कायमचे थांबविण्यात आले. पुढे १९६८ मध्ये भंगारासाठी ओढून नेत असता अटलांटिकमध्ये तेही मोडून बुडाले.

त्याआधी १८ नोव्हेंबर १९५८ रोजी 'कार्ल डी. ब्रॅडली' हे १९२७ चे जहाज मिशिगन सरोवरात असेच दुभंगले होते. ३५ पैकी ३३ माणसे गेली. त्यांतील २३ जण एकट्या रॉजर्स सिटी या लहानशा गावचे होते. त्याच हिवाळ्यात त्या जहाजाच्या खणांची मोठी दुरुस्ती व्हावयाची होती. दुरुस्ती 'या फेरीनंतर' करण्याचा विचार मालकाच्या वहीत अगदी साधा दिसतो. रॉजर्स सिटीतील घरांना त्याची किंमत मोजावी लागली.

अर्थात प्रत्येक अपघाताचा दोष वयावर टाकता येत नाही. 'एडमंड फिट्झगेराल्ड' १० नोव्हेंबर १९७५ रोजी सुपीरियरमध्ये २९ जणांसह बुडाले, तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. ते का बुडाले याविषयी आजही एकमत नाही. आणि त्याच रात्री त्याच्यामागून येणारे, १९५२ मध्ये बांधलेले म्हणजे वयाने मोठे असलेले 'आर्थर एम. अँडरसन' सुखरूप बंदरात पोहोचले. एवढेच नव्हे, तर शोधासाठी पुन्हा त्या वादळात शिरले. तेव्हा 'जुने ते धोक्याचे, नवे ते सुरक्षित' हेही सूत्र खरे नाही. जुने जहाज किती वर्षांचे आहे यापेक्षा त्याची तपासणी कोण, कधी आणि कोणाच्या खर्चाने करतो, हा प्रश्न महत्त्वाचा.

माणसांचे काय?

आरंभी ज्या १९०६ च्या जहाजाचा उल्लेख केला, त्याचा शेवट कसा झाला ते पाहू. 'विल्यम पी. स्नायडर' या नावाने ते जन्मले. पुढे 'एल्टन हॉइट सेकंड', 'ॲलेक्स डी. चिझम', 'मेडुसा चॅलेंजर', 'साउथडाउन चॅलेंजर' आणि 'सेंट मेरीज चॅलेंजर' अशी त्याची नावे होत गेली. शेवटची तीन नावे एकामागून एक आलेल्या सिमेंट कंपन्यांची. २०१३ च्या हंगामानंतर ते स्टर्जन बे येथील गोदीत नेण्यात आले, पण मोडण्यासाठी नव्हे. त्याचे यंत्र आणि कप्तानाची खोली काढून टाकण्यात आली, मागच्या बाजूला खाच पाडण्यात आली आणि त्यात बसणाऱ्या टगने ढकलावयाचे बार्ज त्यापासून बनविले गेले. शंभर वर्षांचे पोलादी कवच चांगलेच होते, त्यामुळे ते राहिले. गेले ते यंत्र आणि त्यावर काम करणारी माणसे. टग आणि बार्ज यांच्या जोडीला स्वतंत्र जहाजापेक्षा बरेच कमी खलाशी लागतात, आणि मालकाच्या दृष्टीने खरी बचत तेथेच असते.

मालक बदलतो तेव्हा चिमणीवरचा रंग बदलतो, नाळेवरचे नाव बदलते. ओगलबे नॉर्टनची 'डेव्हिड झेड. नॉर्टन' आणि 'अर्ल डब्ल्यू. ओगलबे' ही जहाजे नव्या मालकाकडे गेल्यावर त्यांची नावे नुसती 'डेव्हिड झेड.' आणि 'अर्ल डब्ल्यू.' अशी उरली, जणू आडनावच पुसले गेले. परंतु खलाशाच्या दृष्टीने बदल एवढाच नसतो. कोणत्या संघटनेचा करार लागू राहील, किती जागा राहतील, हिवाळ्यातील दुरुस्तीचे काम आपल्या गावच्या गोदीला मिळेल की नाही, हे सारे त्या रंगाबरोबर बदलू शकते. सरोवरांच्या काठची कितीतरी गावे या एका धंद्यावर उभी राहिली आहेत.

आपल्याजवळही अशा वाहतुकीचे एक लहान रूप आहे. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांतून लोहखनिजाची बार्जेस मुरगाव बंदराकडे जातात. पावसाळ्यात मांडवीचे मुख बंद झाले की ती कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ही बार्जेसही जागच्या जागी उभी राहिली. तेथे भरतीबरोबर खारे पाणी आत येते, त्यामुळे उभ्या बार्जला गंजही सोडीत नाही. सुपीरियर बंदरात 'अमेरिकन व्हिक्टरी' दहा वर्षे उभे राहू शकले. मांडवीत उभ्या राहिलेल्या बार्जच्या मालकाला आणि तांडेलाला तेवढी सवड पाणी देत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी जहाज प्रथम थांबते ते माल थांबला म्हणून आणि मालकाचे गणित बिघडले म्हणून.

म्हणून एखाद्या जुन्या जहाजाकडे, जुन्या गिरणीकडे किंवा जुन्या पुलाकडे पाहताना त्याच्या जन्मवर्षाबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावेत: शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्च आज कोणाच्या खाती मांडला आहे? यांची उत्तरे मिळाली तर वस्तूचे खरे वय कळते. उत्तरे मिळत नसतील तर नवा रंग कितीही झळझळीत असला तरी जपून राहावे, हे बरे.